ढिला साईड स्टँड आणि उद्यमनगरातलं लेथ: माझा अनुभव

मामेभावाकडून घेतलेली माझी शंभर सीसीची गाडी साईड स्टँडवर लावली की इतकी कलायची, की रस्त्यावरचा कोणीही थांबून सांगायचा, "अहो, गाडी पडतीय." पडत नव्हती, पण शेजारच्या गाडीचं हँडल लागलं असतं तरी आडवी झाली असती. त्यात चालवताना खड्डा आला की खालून खणखण. पुढेमागे हे काम काढायचंच होतं, ते पावसाळ्याआधी काढलं.

आमच्या मिस्त्रीचा पहिला सल्ला ठरलेला होता: "दादा, नवीन स्टँड टाका, विषय संपला." माणूस सरळ आहे. दुकानातला नवीन स्टँड आणून त्यानेच बोल्ट घालून बघितला, तर तोही डुगडुगायला लागला. मग दोघांनी खाली बसून नीट बघितलं.

माझ्या गाडीत स्टँडच्या वरच्या टोकाला बेचकं आहे. फूटरेस्टच्या दांड्याला वेल्ड केलेला एक जाड कान असतो, त्याला ते दोन्ही बाजूंनी धरतं आणि मधून बोल्ट जातो. म्हणजे झिजायला चार जागा झाल्या: बोल्ट, बेचकं, कानाचं भोक आणि स्टँड पूर्ण पुढे आल्यावर जिथे टेकून थांबतो तो स्टॉपर. नवीन स्टँड टाकला की बेचकं नवीन मिळतं. भोक आणि स्टॉपर गाडीकडेच राहतात, जुनेच.

कुठे किती झीज आहे हे कळायला हत्यार लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यायची आणि साईड स्टँडचं खालचं टोक धरून आत-बाहेर, म्हणजे इंजिनाकडे आणि आपल्याकडे हलवायचं. तिथे हलला तर खेळ बोल्टात, भोकात किंवा बेचक्यात आहे. मग स्टँड पुढे ओढून बघायचा. नेहमीच्या जागेपेक्षा पुढे जात असेल, तर स्टॉपर खाल्लेला आहे. माझ्याकडे दोन्ही होतं. वरची अर्धा-पाऊण मिलिमीटरची फट खाली टोकाला चांगली बोटभर होते, कारण भोकाजवळची पकड सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची आणि दांडी वीत-सव्वा वीत लांब.

बोल्ट बाहेर काढल्यावर दुखणं कळलं. मूळ बोल्टाला गुळगुळीत खांदा, म्हणजे बिनआट्यांचा जाडसर भाग असतो आणि आटे फक्त नटाकडच्या टोकाला. स्टँड त्या खांद्यावर फिरतो आणि नट खांद्याला टेकून घट्ट बसतो, बेचकं दाबत नाही. माझ्या गाडीत कधीतरी कोणीतरी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत आटे असलेला साधा बोल्ट ठोकून दिला होता. ते आटे कानशीसारखे भोक खात राहिले. बाकीचं काम आपण करतोच: साईड स्टँडवरच्या गाडीवर बसून फोनवर गप्पा, तशीच किक मारणं, अरुंद बोळात गाडी स्टँडवर कलती करून गर्रकन फिरवणं. शेवटचा प्रकार भोकाला फार वाईट.

कोल्हापुरात असल्याचा इथे फायदा झाला. फूटरेस्टचा दांडा इंजिनाखाली चार बोल्टांवर असतो. गंजले होते, म्हणून रात्रभर तेल सोडून ठेवलं, सायलेन्सर थोडा सैल केला आणि सकाळी दांडा सुटला. तो, नवीन स्टँड आणि खांद्याचा नवीन बोल्ट पिशवीत घालून शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका ओळखीच्या लेथवर (लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर) गेलो. तिथल्या वयस्कर टर्नरमामांनी भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "भोक लांबट झालंय की ओ. ह्याला ग्रीस कधी दाखवलंय का न्हाई कुणी?"

व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर बोल्टाचा खांदा १२ मिलिमीटर, आणि भोक एका बाजूने १२ च्या जरा वर, दुसऱ्या बाजूने साडेतेरा. कानात मांस भरपूर होतं, म्हणून भोक १६ चं गोल करून आत बुश, म्हणजे धातूची छोटी नळी दाबायचं ठरलं. मी गन मेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश म्हणालो. मामांना ते पटलं नाही. "गन मेटल सारखं फिरत्या कामाला. हे दिवसातनं चारदा फिरतंय, बाकी उभं राहून वजन पेलतंय." ईएन-८ पोलादाचा तुकडा लावला. मला आवडलं ते पुढचं: कानाच्या दोन्ही बाजूही घासून बारीक झाल्या होत्या, म्हणून त्यांनी बुश कानापेक्षा थोडा लांब ठेवला आणि नव्या बेचक्यात जेमतेम सरकेल एवढंच फेसिंग मारलं, म्हणजे त्याची टोकं सपाट कातली. नाहीतर वायसर घालत बसावं लागलं असतं, आणि पातळ वायसर तिथे फार दिवस टिकत नाही.

स्टॉपरवर शेजारच्या वेल्डिंगवाल्याने भर दिली. ती मुद्दाम थोडी जास्त मारून घेतली आणि घरी कानशीने कमी करत आणली. इथे घाई नको. भर जास्त राहिली तर स्टँड पुरेसा पुढे येत नाही. मग गाडी सरळ उभी राहते आणि जरा पुढे ढकलली की स्टँड मागे मिटतो. स्टँडचा पाय बोल्टाच्या चांगला पुढे टेकलाच पाहिजे. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, तोंड चढाकडे करून लावायची, तेही यासाठीच. ज्यांचा कान थेट फ्रेमला वेल्ड असतो त्यांना गाडीच वेल्डिंगला न्यावी लागते. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढावी, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टरही काढावा, आणि टाकी उतरवून लांब ठेवावी.

स्प्रिंगचं सगळ्यांना भय वाटतं, आणि ते रास्त आहे, सुटली तर डोळा जाईल. युक्ती अशी: स्टँड अर्ध्यात आला की स्प्रिंग सर्वात जास्त ताणलेली असते. तेव्हा वेढ्यांमधल्या फटींत नाणी सरकवायची. मग स्टँड सोडला तरी स्प्रिंग लांबच राहते आणि हुकातून हाताने निघते. बसवतानाही नाण्यांसकट बसवायची. स्टँड एकदा खालीवर केला की नाणी गळून पडतात. गॉगल मात्र घालावा.

बुशात ग्रीस भरलं, बोल्ट घातला, बोल्टाचं डोकं एका पान्याने धरून नट दुसऱ्याने आवळला. स्प्रिंग लावण्याआधी स्टँड बोटाने फिरवून बघितला, अडकत नव्हता आणि हलतही नव्हता. लेथ आणि वेल्डिंगचे मिळून नवीन स्टँडपेक्षा थोडे जास्तच झाले. मिस्त्री त्यावर हसला, पण पुढच्या आठवड्यात त्याने तसलंच एक गिऱ्हाईक मामांकडे धाडलं. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा आता त्या जागी मारू देत नाही, ग्रीस निघून जातं. खालचा रबर तेवढा बदलायचा राहिलाय.