जोकर अजून जिवंत का आहे?

लग्नाच्या पंगतीत, सव्वासहाच्या कर्जत लोकलमध्ये आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडलेलो असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. घरात कॉमिक्सचं एक कपाट आहे असं कळलं की लोक दुसरं काही विचारतच नाहीत. "तो बॅटमॅन जोकरला एकदाचा मारून का टाकत नाही हो?" जोकर म्हणजे बॅटमॅनचा सगळ्यांत मोठा शत्रू; तो मेला असता तर केवढी माणसं वाचली असती, हा हिशेबही त्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. डॉक्टरांना उत्तर देता आलं नाही, तोंडात कापूस होता. आता तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

तत्त्वाचं उत्तर बहुतेक चाहत्यांना पाठ आहे. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत बघितलेला मुलगा, त्याने घालून घेतलेली मर्यादा, एकदा ओलांडली की परत फिरणं नाही. उत्तर चांगलंच आहे, पण ते मागाहून सुचलेलं. मूळ उत्तर व्हिटनी एल्सवर्थ नावाच्या एका संपादकाकडे जातं.

बॅटमॅन पहिल्यांदा आला तो मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर या जोडीचं ते काम. त्या पहिल्याच गोष्टीत तो एका बदमाशाला ठोसा मारतो, बदमाश ॲसिडच्या टाकीत पडतो आणि आपले महाशय वर म्हणतात की असल्यांचा शेवट असाच व्हायचा! पुढच्या वर्षी त्याच्या स्वतःच्या नावाचं कॉमिक निघालं. त्याच्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. जीव घेणं आवडत नाही पण आज इलाज नाही, एवढं म्हणून. त्यामुळे "ओरिजिनल बॅटमॅन कध्धीच मारत नाही" असं कुणी तावातावाने सांगायला लागलं की मी त्याला पूर्ण बोलू देतो आणि मग कपाटातून पुनर्मुद्रणाचा जाडजूड खंड काढतो. त्यात थोडा आसुरी आनंद असतो, नाही म्हणत नाही.

जोकरचा जन्मही त्याच १९४०च्या अंकातला. आणि मरणारही तो त्याच अंकात होता. शेवटच्या गोष्टीत बॅटमॅनवर वार करायला जातो आणि सुरा स्वतःलाच लागतो. एल्सवर्थने ते पाहिलं आणि असला खलनायक पहिल्याच अंकात वाया घालवायला तो तयार होईना. मग घाईघाईने एक चौकट वाढवण्यात आली: जोकर वाचणार. बॅटमॅनच्या हातातली बंदूक काढून घेणारा आणि त्याचे खून थांबवणाराही हाच संपादक.

म्हणजे जोकरला जिवंत ठेवणारा आणि बॅटमॅनला मारू न देणारा माणूस एकच. पोटापाण्याचा विचार होता, मुलं वाचतात ही काळजीही होती. तत्त्वज्ञान नंतर आलं.

तरीही मी ठामपणे न मारणाऱ्याच्या बाजूचा आहे. कारण अगदी साधं आहे. गुंड टाकीत पडला की गोष्ट संपली. तो जिवंत ठेवायचा, पकडायचा, तो पुन्हा सुटणार हे माहीत असून पकडायचा म्हटलं की लेखकाला डोकं चालवावं लागतं. बॅटमॅनकडे कसलीही दैवी शक्ती नाही. त्याच्याकडे पैसा आहे, मेंदू आहे आणि हा एक हट्ट आहे. हट्ट काढून घेतलात तर उरतो एक श्रीमंत माणूस, जो रात्री गरीब वस्त्यांत जाऊन लोकांची हाडं मोडतो. टिम बर्टनच्या १९८९च्या सिनेमात तो मारतो, झॅक स्नायडरच्या २०१६च्या सिनेमातही मारतो. तो मारतो एवढ्यावर माझं भांडण नाही. मारल्याचं त्याला काही वाटतच नाही, यावर आहे. गंमत म्हणजे १९८९च्या सिनेमाआधी चाहते पत्रांचे ढीग पाठवून भांडले ते मायकेल कीटनच्या निवडीवरून. विनोदी नट बॅटमॅन कसा होईल? झाला, आणि उत्तम झाला.

इथवर आलं की समोरचा म्हणतो, मग चाहत्यांनाच का विचारत नाहीत?

विचारलं होतं की! १९८८मध्ये. तेव्हाचा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, जेसन टॉड, वाचकांना फारसा आवडत नव्हता. चिडका, उद्धट, ऐकून न घेणारा. एका अंकाच्या शेवटी जोकर त्याला पहारीने बदडतो आणि बॉम्ब फुटतो. अंकाच्या मागे दोन फोन नंबर छापले होते: हा वाचावा असं वाटत असेल तर इथे फोन करा, मरावा असं वाटत असेल तर तिथे. एका फोनला ५० सेंट. संपादक डेनिस ओनील यांनी दोन्ही शेवट तयार ठेवले होते. दीड दिवस लाइन चालू होती. वाचवा म्हणणारे फोन ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३.

बहात्तर मतं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून मोठा फरक पडतो. एकाच पठ्ठ्याने कॉम्प्युटर लावून 'मारा'चा नंबर तासन्‌तास फिरवत ठेवला होता अशी ऐकीव गोष्ट पुढे खुद्द ओनीलच सांगायचे. खरी असो-नसो, ७२ हा आकडा एका माणसाच्या आवाक्यातला आहे.

हे कळल्यापासून माझं मत पक्कं आहे: चाहत्याने ओरडावं, पत्रं लिहावीत, चहा गार होईपर्यंत भांडावं, पण त्याच्या हातात मतपेटी देऊ नये. ओरडणारा निदान कारण सांगतो. फोनवाल्याला कारण द्यावं लागत नाही.

जेसन अर्थात मेलेला राहिला नाही, कॉमिक्समध्ये कोण राहतं? २००५मध्ये तो परतला. डोक्यावर लाल शिरस्त्राण, हातात पिस्तूल, गुन्हेगारांना बिनदिक्कत मारणारा. आणि बॅटमॅनला तो विचारतो काय? तुमचाच प्रश्न. मला ज्याने मारलं तो अजून जिवंत कसा? तू मला वाचवू शकला नाहीस याचा राग नाही, पण तो का जिवंत आहे? यावर बॅटमॅन जे म्हणतो ते माझ्या मते या विषयावरचं सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. त्याचा मतलब असा, की मारणं अवघड आहे म्हणून मी टाळत नाही, ते फार सोपं आहे म्हणून टाळतो.

हे सगळं मी परवा माझ्या भाच्याला ऐकवलं. तो चौदा वर्षांचा आहे आणि मोबाइलमधून मान वर न काढता ऐकतो. मी ७२ मतांशी आलो तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

"मामा, तू असतास तर कुठला नंबर फिरवला असतास?"

अठ्ठ्याऐंशी साली मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे, आणि तोही कुलूप लावलेला. जेसनच्या गोष्टी मी वाचल्या त्या पुढे कितीतरी वर्षांनी, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडल्या तेव्हा. वाचताना तो पोरगा मला इतका डोक्यात गेला होता की पानं उलटताना मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो.

"दुसरा," मी म्हणालो. "मारण्याचा."

"मग?" तो म्हणाला, आणि परत मोबाइलमध्ये गेला.