शिष्यवृत्ती आणि खोली

वडोदरा, 11 मार्च

आज महाराजा सयाजीराव गायकवाडांची जयंती. 1863 साली कवळाण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षी दत्तक येईपर्यंत अक्षरओळखही नसलेल्या गोपाळाने पुढे या संस्थानात शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून आणि 1906 मध्ये सर्वत्र. ही गोष्ट भाषणांत दरवर्षी ऐकू येते, परंतु माझ्यासाठी ती घरातली आहे. त्या कायद्यामुळेच माझी आजी चार इयत्ता शिकली, आणि तिला वाचता येत होते म्हणून वडिलांना छापखान्यात खिळेजुळारी म्हणून काम मिळण्याइतके अक्षरज्ञान घरीच झाले. ते आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके उलट्या अक्षरांत जुळवत राहिले. मी बी.कॉम. झाले, सरकारी लेखापरीक्षणात नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

मात्र मला वर आणणाऱ्यांत फी भरणाऱ्यांचा वाटा मी दुसरा मानते. पहिला मान दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या मालकीणबाईंचा. आम्ही पाच माणसे एका खोलीत राहत होतो; आजीचा दमा, भावांची भांडणे आणि स्टोव्हचा आवाज यांत ताळेबंद जुळणे शक्य नव्हते. बाईंनी त्यांचे माजघर मला रात्री अभ्यासाला दिले. किती गुण मिळाले, हे त्यांनी कधी विचारले नाही, चारचौघांत कधी सांगितले नाही, आणि त्या बदल्यात मला कधी भाजी आणायलाही पाठवले नाही. (आईने मात्र दर संक्रांतीला त्यांना तिळगुळाचा डबा पाठवायचा नेम मोडला नाही.)

फी देणे सोपे आणि जागा देणे अवघड, हे या शहराच्या इतिहासातही लिहिलेले आहे. 1913 मध्ये बडोदे सरकारने डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. त्या कराराप्रमाणे 1917 मध्ये ते येथे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले; काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ओळखीच्या दोन घरांनीही सबबी सांगितल्या, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. ज्या तिजोरीने त्यांना समुद्रापार पाठवले, तिच्याच शहरात एकाही घराचे दार उघडले नाही. संस्थानाने पैसा दिला आणि समाजाने जागा नाकारली, असे म्हणून महाराजांना बाजूला काढता येते. पण मी हिशेबाच्या कामातली असल्यामुळे मला तो खर्च अर्धवट मंजूर झालेला वाटतो. विद्यार्थ्याला पाठवताना तो परतल्यावर कुठे उतरेल, हे शिष्यवृत्तीच्या कलमांत कोणीही लिहिले नव्हते.

म्हणून निवृत्तीनंतर मी देणगीचा धनादेश न लिहिता वरची खोली रिकामी केली. गेल्या जूनपासून तेथे छोटा उदेपूरकडची एक राठवा या आदिवासी जमातीतली मुलगी राहते. ती विद्यापीठात बी.एस्सी.ला आहे. माझ्याकडे येण्यापूर्वी तिने अनेक ठिकाणी विचारणा केली होती. घरमालक तिला प्रथम खोली दाखवत, मग सौम्यपणे ‘तमे केवा?’ म्हणजे ‘तुम्ही कोणत्या जातीचे?’ असे विचारत, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांचा भाचा अचानक खोलीत राहायला येणार असे. शंभर वर्षांत काठी गेली आणि भाचा आला, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

आमच्या सोसायटीतही कुरकुर आहे. बाहेरच्या मुलींमुळे पाणी जास्त जाते, असा मुद्दा रविवारच्या सभेत येणार आहे. दिवाळीत ज्यांच्याकडे आठ पाहुणे उतरले होते, त्यांनीच तो मांडला आहे. पाण्याची बिले मी काढून ठेवली आहेत.

मुलगी सुरुवातीला माझ्या स्वयंपाकघरात येऊन न सांगता भांडी घासू लागली, ते मी दुसऱ्याच दिवशी बंद केले. ‘काकू, मग मी काय द्यायचे?’ असे तिने विचारले. शेवटी आम्ही अगदी थोडे भाडे ठरवले, तिच्या शिष्यवृत्तीतून निघेल एवढेच, आणि दर महिन्याला मी तिला तिच्या पूर्ण नावाची पावती फाडून देते. मालकीणबाईंच्या माजघराची पावती नव्हती. तेथे त्यांचा स्वभावच पुरेसा होता, पण माझ्या स्वभावावर एखाद्या मुलीने तीन वर्षे अवलंबून राहावे, हे मला पटत नाही. पावती असली की सभेतही ती पाहुणी ठरत नाही, भाडेकरू ठरते.

तिच्याच गावची आणखी एक मुलगी बारावीची परीक्षा देते आहे. निकाल लागल्यावर तिलाही खोली लागेल, म्हणून दुसरी खाट आणि एक टेबल मे महिन्यापूर्वी घ्यायचे आहे. भिंतीलगत मोजून पाहिले, साडेपाच फुटांची खाट बसते.