पंचवीस वॉटचा हिशेब

पावसाळा लागला की कात्रजचा घाट सोडून मी सायकल हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, चढवते. यंदा पहिल्याच दिवशी तंटा: ट्रेनर म्हणतो माझी पॉवर २०० वॉट, पॉवर मोजणारं पेडल म्हणतं २२५. मी अर्थातच पेडलच्या बाजूची.

थोडा फरक पडतोच. पेडल पायाचा जोर थेट मोजतं. ट्रेनरपर्यंत पोचेस्तोवर चेन आणि गिअर त्यातला काही खातात, साधारण दोन ते चार टक्के. म्हणजे ट्रेनरच्या २०० ला पेडलने २०६ दाखवले तर तक्रार नाही. वरच्या एकोणीसांचं काय?

आधी पंधरा मिनिटं चालवून, सगळं तापल्यावर पेडलचा झिरो ऑफसेट केला, म्हणजे जोर नसताना त्याचा आकडा शून्यावर आणला. (आजवर गॅलरीतून आणलेल्या गार सायकलवरच उरकत होते.) आकडा ढिम्म. मग ॲपमध्ये क्रँकची, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं त्याची, लांबी पाहिली: १७२.५ मिमी. माझा क्रँक १७०चा! जोरावरून पॉवर काढताना ही लांबी गुणाकारात येते, त्यामुळे आकडा दीड टक्का फुगत होता. दुरुस्तीनंतर २२२.

उरलेले सोळा मात्र माझ्याच पायात होते. माझं पेडल एकाच बाजूचं. डाव्या पायाची पॉवर मोजायची आणि दुप्पट करून सांगायची, एवढंच त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डावा पाय गुपचूप जास्त ओढतोय हे मला कळलंच नव्हतं. मैत्रिणीची दोन्ही बाजूंनी मोजणारी पेडल आणून लावली, ट्रेनर २०० वर बांधून ठेवला. एकूण २०६, डावा १११, उजवा ९५. ट्रेनर बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

मार्चमध्ये एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) २१० झाला म्हणून मी पेढे वाटले होते. तो १९०च्या आसपासचा असणार. नवरा म्हणतो, पेढे परत मागव.

ठरावीक टक्के वजा करून भागलं असतं, पण तासाभराने उजवा पाय थकला की डाव्याचा वाटा ५४ वरून ५६ टक्क्यांवर जातो. म्हणून घरात आता ट्रेनरचाच आकडा धरते. घाटात पेडल, पण तिथल्या आकड्याची तुलना फक्त तिथल्याच जुन्या आकड्यांशी. शिवाय रोज उजव्या पायाने पायरी चढ-उतार, फिजिओने सांगितल्याप्रमाणे.

मैत्रिणीची पेडल अजून माझ्याकडेच आहेत. तिचे दोन फोन येऊन गेले.