ओरिजिनल नसलेलं गाणं

जुलैत आमच्या रत्नागिरीच्या स्टुडिओत मान वर करायला फुरसत नसते. गणपतीची गाणी, शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरांच्या गाण्यातल्या सामन्याच्या, शाहिरांचे नवे गण-गौळणी, भजनी मंडळांचे अभंग, सगळ्यांना नागपंचमीच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं असतं. अशाच एका सकाळी मुंबईच्या एका ओळखीच्या संगीतकाराचा फोन आला. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा नुकतीच जिंकलेली एक मुलगी लांज्याकडे आपल्या घरी आली होती. कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आल्यामुळे गाड्या बंद पडलेल्या, आणि तिच्या पहिल्या सिंगलचं डबिंग त्याच दिवशी व्हायला हवं होतं. "तुझ्याकडेच डब करून घे, मला फक्त व्होकल पाठव," तो म्हणाला. ट्रॅक, म्हणजे नुसतं संगीत, आणि डमी, म्हणजे चाल कळावी म्हणून गायलेलं कच्चं गाणं, मेलवर येऊन पडले.

दुपारी ती आईबरोबर आली. भिजलेली ओढणी पिळून बाहेर वाळत टाकली आणि थेट माईकसमोर उभी राहिली. पहिला टेक ऐकून मी थक्क झालो. सूर कुठे तसूभरही हलला नव्हता, लय चोख. तरीही गाणं लागत नव्हतं. मी डमी पुन्हा लावली तेव्हा उलगडा झाला. ती संगीतकाराने स्वतःच घाईघाईत गायलेली होती. 'पाऊस'मधला 'ऊ' त्याचा दम संपल्यामुळे आखूड झाला होता, तर हिनेही तो तेवढाच आखूड केला होता. त्याने जिथे श्वास घेतला तिथेच हिने घेतला. एका चाळिशीच्या पुरुषाची दमछाक ही विशीतली मुलगी हुबेहूब गात होती.

मी तिच्या हेडफोनमधून डमी काढून टाकली. दुसऱ्याच ओळीला ती थांबली.

"दादा, ओरिजिनल जरा ऐकवता का?"

"ओरिजिनल अजून झालेलंच नाही गं. तेच तर आता करायचंय."

तिचा चेहरा पार उतरला. मला तिचं मन कळत होतं. या स्पर्धांमध्ये मुलं जीव तोडून मेहनत करतात, पण बहुतेक वेळा ती लताबाईंचं, आशाताईंचं, किशोरदांचं गाणं घेऊन उभी असतात. ती हरकत आली का, ती जागा घेतली का, यावरच परीक्षक बोलतात. आणि जिंकल्यावर एकदम म्हणायचं, आता तुझं स्वतःचं गा! 2005मध्ये अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडॉल झाला आणि त्याच वर्षी त्याचा अल्बम आला, तेव्हा 'मोहब्बतें लुटाऊंगा' आमच्याकडे रिक्षा-रिक्षांत वाजत होतं. तेव्हा एका कॅसेटमध्ये गाण्यांचा गुच्छ असायचा. एक नाही आवडलं तर दुसरं. आता एकच गाणं, आणि स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. म्हणून हल्ली सुरुवातीचं म्युझिक जवळजवळ नसतंच, पहिल्या ठोक्यालाच गायिकेला उघड्यावर उभं करतात. या मुलीच्या गाण्यातही तसंच होतं.

बाहेर बाकावर पुढच्या बुकिंगचे शाहीर बसले होते, वय सत्तरीच्या पुढे. काचेतून सगळं बघत होते. ही माणसं चाल पुष्कळदा सिनेमाची घेतात, पण शब्द स्वतःचे आणि ते समोरच्या शाहिराला भिडवायचे. ती पाणी प्यायला बाहेर आली तर त्यांनी हाक मारली.

"बाय, ह्या गाना तू कुनाला सांगतंस? ता आदी ठरव."

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हेडफोनमधला क्लिक, म्हणजे लयीचा टिकटिक ठोका, बंद केला, शब्दांचा कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, गाऊ नको, नुसतं बोल. तिने दोन-तीनदा वाचलं. सुरुवातीला पाठांतरासारखं. मग शेवटच्या कडव्याला 'परत येशील का' हे तिने खरंच विचारलं, आणि तिथे ती जराशी अडखळली. मी ताबडतोब ट्रॅक सुरू केला.

त्या टेकमध्ये एक-दोन स्वर किंचित खाली आले. ते सॉफ्टवेअरने सहज उचलता येतात. कुणाला विचारतोय हे मात्र कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. 'पाऊस' या वेळी लांब गेला, आणि 'परत'च्या आधी तिने एक श्वास घेतला जो डमीत कुठेच नव्हता. शाहिरांनी काचेवर बोट वाजवून दाद दिली. आईने डोळे पुसले. मी 24 बिटची फाईल लगेच पाठवून दिली आणि शाहिरांची ढोलकी आत घेतली.

आठवड्याभराने मिक्स ऐकायला आला. मुंबईत कुणीतरी तो श्वास साफ करून टाकला होता. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि तो परत घालायला लावला. रिलीज झालेल्या गाण्यात तो आहे.