एकसष्टची संख्या

१,७६,६३,१९,०४९. ही संख्या मला पाठ आहे. ती का पाठ आहे ते आज लिहायचंच असं ठरवलंय.

हिचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, ६१ ने भागा. येतो तो पुन्हा पूर्ण वर्गच, २२,६१,५३,९८० चा. ६१ ने एखाद्या वर्गाला गुणून एक मिळवला की वर्गच यावा, या अटीत (शून्य सोडलं तर) हीच सगळ्यात लहान जोडी. ६० ला ३१ आणि ४ पुरतात: १६ गुणिले ६०, अधिक १, झाले ९६१. ६२ ला ६३ आणि ८. आणि मधल्या ६१ ला थेट पावणेदोन अब्ज! मी अजूनही थक्क होतो.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल पद्धतीनं (लहान संख्यांपासून निघून पायरीपायरीनं उत्तराकडे जायची रीत) हे उत्तर काढलं. फ्रेंच गणितज्ञ फर्मानं हाच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला तो १६५७ मध्ये.

मी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाचे कागद) लिहितो. दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर इथं कामाचा नाही, कारण वर्ग एकोणीस आकडी होतो. मग ताळा करायचा. आधी नवाचा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, शेष १. दुसरीची ३६, शेष ०. दोन्ही बाजूंना १ येतो, जुळलं. पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाच्या ताळ्याला ती कळत नाही, म्हणून पुढे अकराचा. पहिल्या संख्येतले एकाआड एक अंक मिळवा: ९, ०, १, ६, ७ यांचे २३. उरलेल्या ४, ९, ३, ६, १ यांचेही २३! म्हणजे संख्येला अकरानं पूर्ण भाग जातो. दुसऱ्या संख्येत २२ आणि १४, फरक ८. ८ चा वर्ग ६४, गुणिले ६१, अधिक १ म्हणजे ३,९०५. त्यालाही अकरानं पूर्ण भाग जातो.

माझा खरा जीव मात्र हिच्या शेजाऱ्यांवर. एक कमी केला तर १,७६,६३,१९,०४८, म्हणजे २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट. एक वाढवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, आणि १२२ म्हणजे ६१ दुणे. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजेच आपल्या संख्येचा वर्ग वजा एक. म्हणून तर ६१ ने भागल्यावर पूर्ण वर्ग उरतो.

मग हे २९,७१८ आणि ३,८०५ आले कुठून? ३९ चा वर्ग १,५२१. त्यात ४ मिळवले की १,५२५, म्हणजे ६१ गुणिले ५ चा वर्ग. चक्रवालात ८ पासून (८ चा वर्ग ६४, ६१ च्या अगदी जवळ) निघालं की पुढच्याच पायरीला हे ३९ आणि ५ हाती लागतात. पुढे ब्रह्मगुप्तांचा सातव्या शतकातला नियम. १,५२१ मध्ये ३ मिळवून निम्मे करा, ७६२. १ मिळवून निम्मे करा, ७६१. ३९ गुणिले ७६२ म्हणजे २९,७१८. ५ गुणिले ७६१ म्हणजे ३,८०५. एवढी मोठी संख्या, आणि तिचं बी एवढंसं!

अकरावीतल्या पुतणीला हे पट्टीच्या पाठीमागे करून दाखवलं. "काका, असा अजून एखादा आकडा आहे का?" तिनं विचारलं. फर्मानं ६१ च्या बरोबरीनं १०९ ही दिला होता. त्याची मोठी संख्या १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. नवाचा ताळा तिनंच केला: बेरीज ७३, शेष १. आता अकराचा करतेय.