ड्रीमी गिटार अपडेट: कोरस झाला, डिले बसला, आता ई-बो

मंडळी, या वेळी सांगण्यासारखं बरंच आहे. नवीन आलेल्यांसाठी, ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओवर जी धूसर, तरल गाणी वाजायची, आरईएम, द चर्च, कॉक्टो ट्विन्स वगैरे बँडची, त्यातलं गिटार घरच्या सेटअपवर जमवायचा माझा खटाटोप चालू आहे.

कोरस, म्हणजे एकच गिटार दोन वाजल्यासारखं भरून ऐकू येण्याचा इफेक्ट, मनासारखा झालाय. रोलँडच्या जेसी-१२० या गिटार अँप्लिफायरमध्ये ६०-६० वॉटचे दोन अँप आणि १२ इंची दोन स्पीकर असतात, कोरस लावला की एकातून गिटार जसंच्या तसं येतं आणि दुसऱ्यातून काही मिलिसेकंद मागे राहिलेलं, सुरात किंचित वरखाली डुलणारं, आणि दोन्ही एकत्र होतात ते थेट खोलीच्या हवेत. म्हणून मी कोरा ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि डुलणारा पूर्ण उजवीकडे टाकला, आणि हेडफोन लावल्या लावल्या गिटार एकदम रुंद झालं! एवढ्या साध्या गोष्टीने एवढा फरक पडतो हे ऐकूनच बघा.

डिले, म्हणजे सुराचा मागून येणारा प्रतिध्वनी, १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) ४५० मिलिसेकंद ठेवलाय, म्हणजे डॉटेड एट्थ, एका ठोक्याचा पाऊण भाग (६०,००० भागिले १००, त्याचा पाऊणपट). दोन-तीनच रिपीट, आणि त्यांची ट्रेबल (वरचा टोकदार भाग) कापलेली, नाहीतर गिचका होतो.

पण माझं मत विचाराल तर या आवाजाचा जीव पेडलमध्ये कमी आणि कॉर्डमध्ये जास्त आहे. ओपन ई कॉर्डची बोटांची शेप तशीच वर सरकवा, पाचव्या तारेवरचं बोट सातव्या फ्रेटला (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीला) येईल इतकी, जाडी ई तार सोडून द्या आणि वरच्या बी आणि ई मोकळ्या वाजू द्या, झाला ए ॲड नाइन, म्हणजे ए मेजरमध्ये बी मिसळलेला कॉर्ड. अजून दोन फ्रेट वर गेलात की बी, आणि डोक्यावर ई तसाच लटकलेला. बोटं कुठेही जावोत, त्या दोन तारा तानपुऱ्यासारख्या मागे चालूच राहतात. आता हे स्ट्रम न करता एकेक तार सुटी वाजवा, आरईएमचा पीटर बक १९८३ च्या 'मर्मर' अल्बमवर वाजवतो तसं, मग पेडल बंद असले तरी निम्मं काम झालेलं असतं.

सध्या सगळ्यात जास्त ऐकतेय ते कॉक्टो ट्विन्सचं 'व्हिक्टोरियालँड', १९८६. बँडचा बेसिस्ट सायमन रेमंड तेव्हा दुसऱ्या एका अल्बमच्या कामात अडकला होता, त्यामुळे बेस जवळजवळ नाहीच, ड्रमही अगदी कमी, फक्त रॉबिन गथ्रीच्या गिटारचे थर आणि एलिझाबेथ फ्रेझरचा आवाज. आणि हो, त्यात तबला आहे! डिफ जुझ बँडचा रिचर्ड थॉमस वाजवतो, सॅक्सोफोनपण त्याचाच. हे ऐकून मी माझ्या ट्रॅकमधला बेस काढून टाकला तर मधल्या पट्टीत एवढी जागा झाली की गिटारचा तिसरा थर आरामात मावला.

ई-बो आत्ताच सुरू केलाय. हातात धरायचं छोटं यंत्र, ९ व्होल्टची बॅटरी, तारेला न छेडता चुंबकाने थरथरत ठेवतं, एका वेळी एकच तार. द चर्चच्या 'अंडर द मिल्की वे' (१९८८) मधला तो बॅगपाइपसारखा सोलो आठवतोय ना, तो ई-बोने वाजवलेलं गिटार सिंक्लाव्हियर या डिजिटल सिंथेसायझरमधून काढून केलेला आहे. सिंक्लाव्हियर काही आपल्याला मिळणार नाही, पण मी व्हॉल्यूम पेडलने सुरुवात गोल करून पुढे लांब रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखं घुमणं) लावला, बऱ्यापैकी जवळ जातंय. ई-बो सूर धरायला एक-दोन सेकंद घेतो, म्हणून पुढच्या सुराला तारेवर जरा आधीच पोचावं लागतं, याचाच रियाज चालू आहे.

पुढचं काम व्होकल पॅड, म्हणजे गाण्यामागे लांबवलेला आवाजाचा थर, प्रीफॅब स्प्राउट बँडमध्ये वेंडी स्मिथचा आवाज श्वासासारखा मागे तरंगतो तसा. कंडेन्सर माइक अगदी तोंडाजवळ धरून हळू आवाजात गाऊन कोणी रेकॉर्ड केलं असेल तर पॉप फिल्टर (माइकसमोरची श्वास अडवणारी जाळी) किती अंतरावर ठेवलात ते सांगा, माझा 'ह' फार फुटतोय.