आमची वाटचाल : धोट्यापासून गोटीपर्यंत

दुकानावर पाटी लागली २०११ साली, पण लाकडाचा धंदा त्याच्या फार आधीचा. वडील सोलापुरात, अशोक चौकामागच्या बोळात, हातमागाची कामं करायचे. धोटे, पावड्या, तुरईचे दांडे, असे मागाचे लाकडी भाग. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा. धोटा ज्या फळीवरून पळतो, ती फळी साफ करून घ्यायला लांबलांबचे मागवाले त्यांच्याकडं यायचे. फळीला कुठं उंचवटा राहिला तर धोटा उडतो, आणि उडालेला धोटा कुणाचं कानशील बघत नाही. वडील फळी डोळ्यांनी तपासतच नसत. डोळे मिटून तळहात फिरवायचे. पुढं हातमाग कमी झाले, यंत्रमाग आले, मग बिनधोट्याचेही आले आणि आम्ही दारं, कपाटं, किचन ट्रॉल्या करायला लागलो.

गोट्यांचं काम आलं बाईंमुळं. पूर्व भागात त्यांची बालवाडी. तिथले पाट, खेळायचे लाकडी घोडे, खेळण्यांची मांडणी सगळं आमच्याकडचं. एक दिवस येऊन म्हणाल्या, "अण्णा, नातवाच्या खोलीत पलंग-कपाट ठेवल्यावर एकच भिंत मोकळी उरलीय. त्या भिंतीवरून गोट्या घरंगळत येतील असं काहीतरी करून द्या की ओ." मी हो म्हणून बसलो. वाटलं, दोन दिवसांचं काम. सोळा दिवस लागले.

चौकटींच्या सागवानी तुकड्यांतून पट्ट्या काढल्या आणि पटाशीनं तिरकस, इंग्रजी व्हीसारखी खाच मारली. गोटी दोन्ही बाजूंना घासायची, निम्म्यावर येऊन बसायची. मग माळ्यावरून वडिलांची गोल पटाशी काढली, खाच गोल केली. गोटी १६ मिलीमीटरची, खाच २० ची. तेवढी मोकळीक दिली की गोटी तळाला एकाच रेषेवर टेकते आणि सुटते. आता राऊटरला (खाच कोरायच्या यंत्राला) गोल बिट लावून ते काम होतं, पण शेवटचा हात पॉलिश पेपरचाच, आणि मीही डोळे मिटूनच बघतो. उतार फुटाला अर्धा ते पाऊण इंच. त्यापेक्षा जास्त दिला की गोटी पळते खरी, पण टोकाला उसळून पलंगाखाली जाते. पट्टीच्या टोकाला २२ मिलीमीटरचं भोक, त्यातून गोटी खालच्या पट्टीवर पडते आणि उलट्या दिशेनं निघते. ही पडायची उंची दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त नको.

आवाजाचं मात्र डोक्यात आलं नव्हतं. काचेची गोटी पाच-साडेपाच ग्रॅमची, पण रात्री दहाला लाकडावर टकाटक वाजते तेव्हा सगळं घर जागं होतं. बाईंनीच उपाय काढला. त्यांच्या शेजारी टॉवेलचा कारखाना. तिथली कातरण आणून त्यांनी प्रत्येक भोकाखाली फेविकॉलनं चिकटवून घेतली. सोलापुरात टॉवेलचा तुकडा मागायला लाजायचं कारण नाही. आजही आमच्या प्रत्येक मालात टॉवेलच असतो. नमदा (लोकरीचा दाबलेला जाड थर) वापरून बघितला, तो दबतो आणि दबलेला राहतो.

२०११ ते २०१५ बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१५ च्या दिवाळीत जोडीदार आला. लहानपणापासूनचा दोस्त, जिभेवर साखर. गिऱ्हाईक तो आणणार, माल मी करणार, नफा निम्मानिम्मा. कागद केला नाही. (दोस्ताबरोबर धंदा करणार असाल तर पहिल्या चहाच्या आधी कागद करा. त्यावर सही करायला दोस्त रागावला, तर तिथंच उठा.) त्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ७५ नगांची ऑर्डर आणली, नगाला ४,२०० रुपये. अट एकच, मागची फळीसुद्धा अस्सल सागवानाची हवी. मी म्हटलं प्लाय घालू, अख्ख्या लाकडाची फळी हवेच्या ओलीनं फुगते-आकसते. तो म्हणाला, मुंबईच्या माणसाला प्लाय म्हटलं की नाक वर जातं.

एप्रिल-मेमध्ये माल केला. आमच्याकडं तेव्हा पारा ४२ च्या पुढं, लाकूड पापडासारखं कोरडं. पट्ट्या जोडून १४ इंच रुंद फळी केली आणि चौकटीत गच्च बसवली. फट ठेवली नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. मुंबईच्या पावसात एवढी फळी तीन-चार मिलीमीटर फुगते. बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून ती मधे पोट काढते. पोट आलं की पट्ट्यांचा उतार बिघडला, गोट्या मधेच थांबायला लागल्या, काही बाहेर पडायला लागल्या. ऑगस्टमध्ये ४१ नग परत आले. टेम्पोचं भाडंही आमच्याच डोक्यावर. अॅडव्हान्स सोडून एक रुपया मिळाला नाही, लाकडाची उधारी मात्र माझ्या नावावर.

जोडीदार पंधरा दिवस फिरकलाच नाही. आला तो दुपारी, मी जेवायला घरी गेलो असताना. पोऱ्याला म्हणाला, फर्मे (माप न घेता एकसारखे तुकडे कापायचे साचे) दुरुस्तीला नेतोय. पट्ट्यांचे, भोकांचे, वळणांचे सगळे फर्मे गेले. वर ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद. वखारवाला दारात, बँकेत रांग. राऊटर विकायला काढला होता, गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं.

त्या आठवड्यात बाई आल्या. बालवाडीला वीस घोडे आणि भिंतीवरचा एक गोट्यांचा खेळ हवा म्हणाल्या आणि पूर्ण रकमेचा चेक टेबलावर ठेवला. मी म्हटलं, बाई, वीस घोडे कशाला, तुमच्याकडं मुलं चौदा. म्हणाल्या, "सहा पाहुण्यांना." पुढचं वर्षभर त्या जाता-येता दुकानात डोकावायच्या, काही मागायच्या नाहीत. एकच गोष्ट त्यांनी मला दटावून शिकवली. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाताला गोटी लागता कामा नये, ती घशात अडकते. तेव्हापासून गोट्यांचा डबा आम्ही झाकणाचा करतो आणि तो पट्ट्यांच्याही वर लावतो. एवढं धाकटं भावंड घरात असेल तर मी ऑर्डर घेत नाही. लोक चिडतात, चिडू देत.

नवे फर्मे मी डोळ्यांसमोरून उतरवले. या वेळी फळी १२ मिलीमीटर प्लायची, पट्टी सागवानाची. पट्टीचं एक टोक स्क्रूनं पक्कं, दुसऱ्या टोकाला उभं लांबट भोक. घरांच्या भिंती ओळंब्यात नसतातच, मग नग टांगल्यावर त्या भोकात स्क्रू वरखाली करून उतार जुळवता येतो. आणि कृपा करून भिंतीत नुसता खिळा ठोकू नका. ड्रिल मारून प्लास्टिकची गुट्टी बसवा. पोरं त्या चौकटीला लोंबकळतात.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला खात्याकडं नोंदलेल्या कारागिरांना सूट होती, कार्ड काढलं, निभावलं.

जोडीदार आता दुसऱ्या शहरात मशीनवर हाच खेळ कापतो. काचेऐवजी पोलादी गोळ्या देतो. त्या तिप्पट जड, सहा महिन्यांत खाचेत खड्डे पाडतात. त्याचे दोन नग माझ्याकडं दुरुस्तीला आले होते, वळणाची भोकं अगदी माझ्या मापाची. त्याच्या जाहिरातीतला फोटोसुद्धा आमच्याच दुकानातला. खाली डाव्या कोपऱ्यात वडिलांच्या रंध्याची मूठ दिसते, तिला मी सुतळी गुंडाळली होती.